नोकरी सोडल्यापासून दिवस हाताला लागत नाही. बॉस नसलेल्यांनी सांगा

माजी_उपसंपादक
म्हार्दोळ, फोंडा · १९ जून, रात्री १:४७

वरची वेळ बघा. प्रश्न तोच आहे.

चौदा वर्षं पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. पाळी चार ते बारा. साडेअकराला शेवटचं पान सोडायचं म्हणजे सोडायचंच. खाली छापखान्यात माणसं थांबलेली असत आणि पाच मिनिटं उशीर झाला तर फोरमन स्वतः जिना चढून वर यायचा. बोलायचा काही नाही, नुसता दारात उभा राहायचा. तेवढं पुरे व्हायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात नोकरी सोडली. कारणं जुनीच आहेत, त्यात शिरत नाही. आता घरून इंग्रजीतून मराठी भाषांतरं करतो. औषधांच्या डबीतली माहितीपत्रकं, क्लिनिकल ट्रायलची संमतिपत्रं, मधूनच एखादं बँकेचं ॲप. पैसे शब्दावर. दिवसाला दोन हजार शब्द नीट होतात, अडीच हजार ओढूनताणून. मी दिवसभर टेबलाशी असतो, त्यामुळे मी फार काम करतो असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

मग गेल्या आठवड्यात वही घेऊन मोजलं. डेस्कवर पान किती वाजता गेलं ते लिहायचो, त्याच सवयीने. टेबलाशी बसलो रोज सरासरी नऊ तास. त्यातलं भाषांतर दोन तास चाळीस मिनिटं. राहिलेल्या सव्वासहा-साडेसहा तासांत मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. यूट्यूब म्हणाल तर तेही एवढं नाही. नुसता सांडला वेळ.

दिवस असा जातो. बायको ७:२० ला शाळेत जाते. मी साडेआठला उठतो, तोपर्यंत हॉर्न वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेलेला असतो. चहा, मेल, एक संमतिपत्र उघडायचं. साडेदहाला कान बाहेर जातो, मासळीवाल्याच्या स्कूटरचा हॉर्न येतो का म्हणून. आता गंमत ऐका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. मासळीवाला तीन-चार दिवसांतून एकदा येतो, तोही सुके बांगडे नाहीतर गालमो घेऊन. तरी साडेदहा ते अकरा माझा कान बाहेरच. म्हणजे मला सवयी लागत नाहीत असं नाही. लागतात, भलत्याच लागतात.

जेवण, मग दोन ते चार झोप. चारला अंग आपोआप जागं होतं, पाळीची वेळ ना! पण तेव्हा बायको नुकती टेकलेली असते, घरात माणसं असतात, चहा होतो, संध्याकाळ जाते. रात्री अकराला डोकं खरं चालू होतं, ते अडीचपर्यंत. नोकरी सोडून वर्ष झालं तरी मी पान सोडतोच आहे.

'रात्री जमतं तर रात्रीच करा' असं कुणी सांगणार असेल तर त्याचं उत्तर आधीच देतो. मागच्या महिन्यात रात्री दोनला एका पत्रकात 'दर दोन दिवसांनी'च्या जागी 'दिवसातून दोनदा' लिहिलं. एजन्सीच्या तपासणीत पकडलं गेलं म्हणून वाचलो. पेपरात अशी चूक झाली असती तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापला असता. गोळीच्या डबीत खुलासा कुठे छापणार?

आतापर्यंत केलेले उपाय: मोबाइलमध्ये झाड वाढवणारं ॲप (झाडं मेली). पंचवीस मिनिटांचं घड्याळ, ज्याला टोमॅटोचं नाव आहे ते. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून पोमोदोरो. वाक्य मध्यावर असताना वाजतं आणि क्रियापद हरवतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे त्या इटालियनाला कोण सांगणार? मग एक्सेलमध्ये रंगीत वेळापत्रक केलं. करायला दोन दिवस गेले, पाळलं दीड दिवस.

चाललं ते एकच. तीन आठवडे पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसलो. कदंब स्टँडवर उतरलं की चालत जाता येतं. तिथे चार तासांत दोन हजार शब्द व्हायचे. शेजारी स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून बसलेली, त्यांच्यापुढे मोबाइल काढायची लाज वाटायची. पण जायला-यायला दोन तास, भाडं, आणि पाऊस लागल्यावर एकदा लॅपटॉपची बॅग भिजली. तिथे ते संपलं.

कृपा करून 'शिस्त लावून घ्या' असं लिहू नका. ज्यांनी वर्षानुवर्षं वर कुणी नसताना काम केलंय त्यांनी सांगा. दिवस कशाला बांधता?

---

सुटीवर
१९ जून, सकाळी ९:१२

अहो, गोव्यात राहता आणि वेळापत्रक मागता? आम्ही पुण्याहून पैसे खर्चून तुमच्याकडे सुशेगाद व्हायला येतो. 😄

---

माजी_उपसंपादक
१९ जून, सकाळी १०:४० (हो, कान बाहेर आहे)

सुशेगाद शब्द पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून आला. अर्थ शांत, स्वस्थ. आळशी हा अर्थ जाहिरातवाल्यांनी चिकटवला. आमचा पोदेर पहाटे तीनला भट्टीपुढे असतो, उजाडता उजाडता सायकलवर आणि संध्याकाळी पुन्हा सायकलवर. त्याला एकदा सुशेगाद म्हणून बघा. पाव मिळायचा नाही.

---

कुळागर
केरी, फोंडा · १९ जून, रात्री ८:०५

उपसंपादकबाब, माझ्यावर बॉस कधीच नव्हता. बापाचं कुळागर, आता माझं. माड, पोफळी, केळी, मिरी. तुमचा प्रश्न वाचून हसलो, पण तुमच्यावर नाही. सात-आठ वर्षांमागे मीही असाच होतो. सकाळी कोयता घेऊन खाली उतरायचं, इथे एक झावळ ओढ, तिथे पाट मोकळा कर, दुपार झाली. दमायला व्हायचं आणि झालेलं काही दिसायचं नाही.

माझं काम होतं ते दोन गोष्टींमुळे. एक, पाडेली. नारळ पाडायला तो येणार म्हटलं की आदल्या दिवशी मी झाडाखालचं रान बेणतो, वाट मोकळी करतो, खोली झाडून ठेवतो. तो आला नाही तर तीच खोली दोन महिने तशीच राहते. मला पगार देणारा तो नाही, उलट मी त्याला देतो. पण तो येणार असतो ना!

दुसरं, बोर्डो. पोफळीला पावसात कोळेरोग येतो, सुपाऱ्या कुजून गळतात. त्यासाठी पाऊस लागायच्या आधी एक फवारणी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, पिंप प्लास्टिकचं. मग दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि ढवळायचं. रंग आकाशासारखा येतो. त्यात घासलेली सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. पातं स्वच्छ निघालं तर बरोबर.

सांगायचं ते पुढे आहे. हे मिश्रण ठेवता येत नाही. कालवलं त्याच दिवशी मारायचं, नाहीतर फुकट. म्हणून माझ्या वर्षात सगळ्यात नक्की झालेलं काम ते. सकाळी सहाला मी फवारायला सुरुवात करत नाही, मी फक्त कालवतो. एकदा कालवलं की वर चढणारा माणूस, नळी, दिवस, सगळं आपोआप त्याच्या मागे येतं.

तुमच्याकडे पाडेली नाही आणि तुम्ही काही कालवत नाही. असं मला वाटतं.

---

खतावणी
कुडचडें · २० जून, पहाटे ५:२१

उत्तर देण्याआधी एक विचारते. १५ जूनचा ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता भरलात का? अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत असाल तर एकदम १५ मार्चला चालतं, नसाल तर उशीर झालाय. हिशेबनीस आहे, सवय जात नाही. 🙂

मी घरून इंग्लंडमधल्या तीन छोट्या दुकानांची खाती लिहिते. नऊ वर्षं झाली. आता तिकडच्या उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे आहोत, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे सकाळी मला कुणी विचारत नाही, आणि काम सकाळीच होतं.

पण आधी तुमच्या दिवसाबद्दल. 'बायको ७:२० ला शाळेत जाते.' त्याआधीचं एक अक्षर नाही. पाव पिशवीतून आत कुणी घेतला? डबा कुणी केला? पाणी कुणी भरलं? तुमचा दिवस साडेआठला सुरू होतो कारण तो तोपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सुरू करून ठेवलेला असतो. रागाने नाही लिहीत. माझ्याकडे उलटं आहे. घरात बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई. पोस्टमन माझ्याकडे, गॅसवाला माझ्याकडे, नणंदेची मुलं माझ्याकडे. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे येतात आणि 'तू घरीच असतेस ना, मग कोलव्याला चल की' म्हणतात. माझा सगळा प्रश्न माझा वेळ दुसऱ्यांच्या हातातून सोडवायचा होता. तुमच्या वेळेला कुणी हातच लावत नाही. दोन्ही वाईट, पण एक नाही ते.

मी काय करते ते सांगते. साडेपाचला सावर्ड्याच्या मैत्रिणीला फोन लावते. ती शिवणकाम करते, ऑर्डरचे ब्लाउज. दोघी एकेक वाक्य बोलतो: 'मार्चची बिलं', 'दोन अस्तराचे.' मग आवाज बंद, फोन चालू ठेवून बाजूला. पावणेआठला पुन्हा एकेक वाक्य: झालं, नाही झालं. मध्ये एक शब्द नाही. चार वर्षं चाललंय. पावसात रेंज जाते तेव्हा मेसेज.

आणि एक वेडेपणा. काम करायची खोली आमच्या घरात पुढच्या बाजूला आहे. मी स्वयंपाकघरातून सरळ तिथे जात नाही. मागच्या दाराने बाहेर पडते, विहिरीला वळसा घालते, तुळशीकडून पुढच्या दाराने आत येते. पाऊस असला तर छत्री घेऊन. सासूबाई पहिले दोन महिने हसत होत्या. आता मी विहिरीकडून निघाले की त्याच म्हणतात, 'ती कामाला गेली गो, तिला हाक मारू नकात.' घरातल्यांना मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होते, ते विहिरीच्या वळशाने कळलं.

---

प्रबंध_चालू
ताळगाव · २० जून, दुपारी १२:३०

मी मानसशास्त्रात पीएचडी करतेय. कोर्सवर्क संपलं आणि माझाही दिवस असाच फुटला, म्हणून या विषयावरचं बरंच वाचलं (प्रबंध लिहायचा सोडून).

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे विसरा. ते १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने आपल्या पेशंटांबद्दल लिहिलेल्या निरीक्षणावरून पसरलं. नीट मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा निबंध २००९ साली ऑनलाइन आला. ९६ माणसं, ८४ दिवस. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज ठरलेल्या खुणेनंतर करायची, म्हणजे नाश्त्यानंतर पाणी पिणं वगैरे. ज्यांचे आकडे आलेखात नीट बसले त्यांना मध्यक ६६ दिवस लागले. पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत (८४ च्या पुढचे आकडे आलेखावरून काढलेले अंदाज). आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही दिसलं.

आता तुमच्या कामाचं. भाषांतर ही सवय होऊ शकत नाही, ते दर वाक्याला नवं असतं. टेबलाशी बसून फाइल उघडणं ही सवय होऊ शकते. कुळागरवाले 'मी फक्त कालवतो' म्हणतात ते तेच.

दुसरा एक प्रयोग तर तुमच्याच धंद्यातला आहे. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख, २००२. त्यांनी लोकांना तीन मजकूर मुद्रितशोधनाला दिले. काहींना दर आठवड्याला एक द्यायची मुदत, काहींना तिन्ही शेवटी एकदम, काहींना 'तुमच्या तारखा तुम्हीच ठरवा.' सगळ्यात जास्त चुका सापडल्या आठवड्याच्या मुदतवाल्यांना, सगळ्यात कमी शेवटी एकदम देणाऱ्यांना. स्वतः ठरवणारे मध्ये. (एरिएली सहलेखक असलेला २०१२ चा एक वेगळा निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्यामुळे त्यांचं नाव आलं की मी जरा हात राखून वाचते.) मला त्यातून एवढंच दिसतं की स्वतःची मुदत काही नसण्यापेक्षा बरी, पण दुसऱ्याने घातलेल्या मुदतीची सर तिला येत नाही.

म्हणून घड्याळापेक्षा खूण शोधा. तुमच्याकडे पोदेराचा हॉर्न आहे की! पेटर गोलव्हिट्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला 'जर-तर' आराखडा हाच: हॉर्न वाजला तर फाइल उघडायची. ठरवण्याचं काम आदल्या दिवशी उरकलेलं असतं.

---

माजी_उपसंपादक
२० जून, रात्री ११:५५

हॉर्न वाजतो तेव्हा मी झोपलेला असतो, हीच तर रड आहे.

खतावणीताई, पाव आत बायकोच घेते. ती सव्वापाचला उठते, हे मला आज विचारल्यावर कळलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली दहा मी रात्री एकला घरी यायचो. टॅक्सचं बघतो.

कुळागरबाब, फोरमन हाच माझा पाडेली होता. एवढं चौदा वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं मला वेळेची शिस्त आहे.

---

कुळागर
२१ जून, सकाळी ६:३०

६६ दिवस म्हणजे पाऊस गेला. त्या ९६ माणसांना पाणीच प्यायचं होतं, त्यांना काय घाई.

---

माजी_उपसंपादक
९ ऑगस्ट, रात्री ९:१५

विचारून गायब होणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून लिहितो.

२४ जूनपासून असं चाललंय. पोदेर आमच्या वाड्यावर ६:२० च्या आसपास येतो. पाव घ्यायला मी जायचं, एवढंच ठरवलं. पाच पाव, दोन पोळ्या (पोळी म्हणजे इथला कोंड्याचा पाव). पहिले आठ दिवस पाव घेऊन परत झोपलो, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, 'उठलाच आहेस तर चहा ठेव.' चहा ठेवला की झोपता येत नाही, गॅसपाशी उभं राहावं लागतं. ते माझं कालवणं झालं. सातला फाइल उघडी असते. रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीचे पहिले दोनशे शब्द नुसते वाचून ठेवतो, म्हणजे सकाळी अनोळखी मजकूर समोर येत नाही.

आणि पाडेली मिळाला. शेजारी बाई राहतात, मला आठवीत मराठी शिकवायच्या त्या. आता एकट्याच असतात. घराभोवती जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, लागवड आहे. दुपारी तीनला कळे काढायला जावं लागतं, उमलायच्या आत, त्यामुळे मोकळ्या त्या सकाळीच. त्यांना सांगितलं, रोज साडेअकराला मी येऊन किती शब्द झाले तो आकडा सांगणार. त्या म्हणाल्या, 'बरं. आणि नाही झाले तर?' म्हटलं, तर तसं सांगेन. 'मग बस,' म्हणाल्या आणि वहीत समास आखायला लागल्या.

संमतिपत्रं गोपनीय असतात, ती दाखवता येत नाहीत. पण औषधाचं नाव, कंपनी, आकडे काढून दोन-चार अडलेली वाक्यं त्यांना वाचून दाखवतो. ज्या माणसाने शेवटी सही करायची तो काही भाषांतरकार नसतो, त्याला कळतंय का हे असंच तपासावं लागतं. परवा वाचलं, 'सदर चाचणीतील सहभाग आपण कोणत्याही क्षणी मागे घेऊ शकता.'

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. 'कोणत्याही क्षणी म्हणजे? सुई आत असताना पण?'

'म्हणजे कधीही.'

'मग कधीही लिही. आणि हे सदर कोण? मालमत्तेचा दावा आहे का?'

घरी येऊन सगळ्या फाइलीत 'सदर' शोधलं. एकोणचाळीस होते. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कॉपीतून 'सदर' काढणारा मी.

हिशेब सांगतो, खतावणीताईंसाठी. सत्तेचाळीस दिवसांत एकोणतीस दिवस साडेअकराला सांगण्यासारखा आकडा होता. सात दिवस शून्य सांगितलं. अकरा दिवस गेलोच नाही, त्यातले चार ओळीने, काका वारले तेव्हा. टेबलाशी आता साडेपाच तास बसतो, त्यातलं काम तीन तास पन्नास मिनिटं. म्हणजे काम तासाभराने वाढलं आणि बसणं साडेतीन तासांनी कमी झालं. त्या साडेतीन तासांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. संध्याकाळी भांडी घासतो.

रात्रीचं गेलेलं नाही. आठवड्यातून दोनदा तरी अकराला डोकं चालू होतं. तेव्हा भाषांतर करायचं नाही, फक्त बिलं करायची असा नियम केलाय. बिलात 'दिवसातून दोनदा' लिहिलं तरी कुणी मरत नाही.

१ ऑगस्टला मासेबंदी उठली, स्कूटर परत आली. साडेदहाला कान बाहेर जातोच. आता झगडत नाही. उठतो, सुंगटं घेतो, परत येऊन बसतो. सात मिनिटं लागतात, मोजलंय.

आता अडचण. बाई उद्या लेकीकडे सावंतवाडीला चालल्यात. चार दिवस. आज जाताना विचारत होत्या, 'सोय केलीस का कुणाची?' नाही केली. चार दिवसांत मी पुन्हा साडेआठवर जाईन, मला माहीत आहे. कुणी असतं का साडेअकराला?

---

प्रबंध_चालू
९ ऑगस्ट, रात्री १०:०२

एखाद-दोन दिवस चुकले तरी आलेखात फरक पडत नाही, मी लिहिलं होतं.

---

माजी_उपसंपादक
९ ऑगस्ट, रात्री १०:०६

एखाद-दोन. चार नाही.

---

खतावणी
१० ऑगस्ट, पहाटे ५:२६

मला मेसेज करा. वाक्यं पाठवू नका, औषधांतलं मला कळत नाही. फक्त आकडा. ११:३५ पर्यंत आला नाही तर फोन करीन. उचलला नाहीत तर काय करायचं, त्यासाठी बायकोचा नंबर देऊन ठेवा.